चिखलोलीचं वळण आणि दोन मोटारसायकली

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर हा प्रवासही मी माझ्या सोयीने सांगेन. तीन वर्षांपूर्वी बदलापूरच्या अलीकडे, चिखलोली गावाजवळ रस्ता नागमोडी होतो तिथल्या एका डाव्या वळणावर माझी मोटारसायकल रस्ता सोडून शेतात गेली. मागे माझी बायको इंदू बसली होती. तिचं उजवं मनगट मोडलं. बदलापूरला तिच्या माहेरी ओटीवर सगळे जमले, काय झालं म्हणून विचारू लागले. तिचा हात झोळीत होता आणि मी म्हणालो, "ही ऐन वळणावर हलली."

ती एकदाच म्हणाली, "मी हलले नव्हते." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि माझ्या मागे ती बसायचीही बंद झाली.

पुढे ते बोलणं मलाच टोचू लागलं, तेव्हा मी दोष गाडीवर ढकलला. गाडी होती महायुद्धानंतर लष्करी लिलावात निघालेली. पुढे एक उघडी स्प्रिंग, मागे काहीच नाही. मागचं चाक थेट सांगाड्याला जखडलेलं. "हिला वळणच कळत नाही," असं मी नाशिकभर सांगत सुटलो आणि शेवटी ती माझ्या मेव्हण्याला, वसंताला, देऊन टाकली. जी गाडी वळत नाही म्हणायचो तीच बायकोच्या भावाला दिली, यावरूनच माझा माझ्या बोलण्यावर किती विश्वास होता ते कळेल.

यंदा मी मद्रासेत जुळवलेली नवी गाडी घेतली. तिला पुढे हादरे झेलणारे तेलाचे दांडे, मागच्या चाकालाही दोन शॉक. इंदू भाऊबीजेला माहेरी गेली होती. तिला आणायला नव्या गाडीवरून जायचं आणि येताना तिला मागे बसवून आणायचं, असं मी ठरवलं. ती बसली आणि आम्ही ते वळण सुखरूप पार केलं, म्हणजे दोष जुन्या गाडीचा होता हे आपोआप ठरणार होतं.

निघताना पेट्रोल पंपावर आमची नाशिकची गाडीवाली मंडळी भेटली. नवी गाडी जुनीपेक्षा खरोखर चांगली वळते का, लांबच्या वाटेवर हाताला कशी लागते, हे नीट पाहून या, असं त्यांनी बजावलं. हे लिहिणं मुळात त्यांच्यासाठीच आहे.

कसाऱ्याच्या घाटात गारठा होता. नव्या गाडीचं सुख तिथेच कळलं. खड्ड्यावरून जाताना जुनीचं मागचं चाक उडायचं, उतरेपर्यंत माणूस हवेत. ही मात्र खड्डा गिळून पुढे जात होती. डाव्या वळणांना ती थोडी बाहेर सरकते असं वाटलं. हाताला सवय नाही म्हणून असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुपारच्या आधी शहाडच्या बाजूने उल्हासनगरात शिरलो. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या लांबच लांब बराकी आणि त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं. पण आता त्या बराकींना दारं फुटली आहेत, दारांना दुकानं, दुकानांना पाट्या. कोणी पापड वाळत घातलेत, कोणी पलंगाच्या पट्ट्या विणतंय. मला मागच्या सीटला जाड गादी बसवून घ्यायची होती. एका सीटवाल्याने गादी भरून रेक्झीन शिवायला घेतलं आणि मला समोरच्या हॉटेलात बसवलं. तिथे दाल-पकवान (कुरकुरीत तळलेली मैद्याची पोळी आणि वर हरभऱ्याची पातळ डाळ) खाल्लं. पकवान मोडलं की आवाज असा होतो की शेजारचा माणूस वळून बघतो.

हॉटेलच्या गल्ल्यावर एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, शॉक दाबून पाहिले. तरुणपणी त्यांचीही मोटारसायकल होती म्हणे. मी त्यांना विचारलं, तुम्हांला जुन्या गाड्या बऱ्या वाटतात की नव्या?

"हमसे पूछते हो, साईं?" ते हसले. "हमारा तो सब नया है. पुराना सब उधर रह गया."

 मग त्यांनी माझ्या ताटलीत आणखी डाळ वाढायला सांगितली. नवी गादी बघून सीटवाल्याने विचारलं, बाईसाहेबांसाठी का? हो म्हणालो खरं. बाईसाहेबांना अजून काहीच माहीत नव्हतं.

अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्याची पाळी सुटत होती, म्हणून रस्ता माणसांचा होता आणि हवेला गंधकाचा वास. मी आधी शंकराच्या देवळाकडे वळलो. नाल्याकाठचं ते काळ्या दगडाचं देऊळ, अंगभर कोरलेलं. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलं की बाहेरची उन्हं आणि भोंगा दोन्ही मागे राहतात. देवापुढे मी नवी गाडी नीट चालू दे एवढंच मागितलं. खरं मागायला हवं होतं ते वेगळं होतं.

बाहेर आलो तर गाडीभोवती कारखान्यातले पाच-सहा जण उभे. त्यांचा वाद रंगला होता. एकाचं म्हणणं, जुन्या गाड्या लोखंडाच्या, नव्या पत्र्याच्या. दुसरा म्हणाला, "लोखंडाचं कौतुक तुझ्या कमरेला विचार." मला बोलायची गरजच पडली नाही.

तिथून चिखलोली जवळच. भाताची कापणी चालू होती. अर्ध्या शेतांत पेंढ्या पडलेल्या, अर्धी उभी. ते वळण लांबून ओळखलं. रस्त्यावर नवी खडी टाकली होती, पण फार नाही. मी वेग कमी केला. गाडी वळेल, वळणारच, असं मनात म्हणत गेलो. आणि ती वळली नाही. तीन वर्षांपूर्वीसारखीच वळणाबाहेरच्या कडेकडे सरळ गेली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि बांधावरून खाली कापलेल्या शेतात आडवा झालो. लागलं काहीच नाही. टाकीला एक ओरखडा, नव्या गादीला चिखल.

एक म्हातारी हातातला विळा तसाच धरून आली. आधी तिने मला नीट न्याहाळलं, हातपाय शाबूत आहेत याची खात्री केली, मग गाडीच्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"मागं कोन बसलं व्हतं का रं तुझे?" तिने विचारलं. "मंग आसा वाकरा (वाकडा) काय बसला व्हतास? लांबशी बगत व्हते मी."

मी म्हटलं, मागे कोणी नाही.

"मंग नीट बस की," असं म्हणून ती कापणीला गेली. तिच्या सुनेने आणि एका गड्याने हात लावून गाडी वर काढून दिली.

मी तिथेच गाडीवर बसून पाहिलं. खांदे उजवीकडे, कंबर उजवीकडे. इंदू मागे बसायची ती बायकांच्या रीतीने, एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून. तिचा भार डावीकडे जाईल या भीतीने मी पहिल्या दिवसापासून अंग उजवीकडे ओढून बसायला लागलो होतो. तीन वर्षं ती मागे नव्हती, तरी मी तसाच बसत होतो. डाव्या वळणावर गाडी डावीकडे कलू पाहायची आणि मी तिला उजवीकडे खेचून धरायचो. ती हलली नव्हती. हललेला मीच होतो.

हे कळल्यावर मी सुधारलो असेन असं वाटेल, पण नाही. बदलापुरात घरी पोचलो, वसंताने टाकीवर बोट फिरवून विचारलं, "भावोजी, नवी नवरी पहिल्याच दिवशी पाडलीत?" आणि माझ्या तोंडून निघालं, "खडी होती रे." इंदू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली.

सकाळी वसंत त्याच्या बायकोला, कुसुम वहिनींना, बाजारातून घेऊन आला, त्याच जुन्या गाडीवर. वहिनी एका अंगाला बसलेल्या, मांडीवर भाजीची टोपली. वसंत काठीसारखा सरळ. गल्लीच्या तोंडाचं अवघड वळण तो बोलता बोलता घेऊन आला. "म्हातारी म्हणून टाकलीत तुम्ही," तो मला म्हणाला, "आणि बघा, माझ्याकडे कशी नांदतेय."

मी त्याला म्हटलं, जरा गाड्या बदलून नदीपर्यंत जाऊ. तू मागून ये आणि मी कसा बसतो ते बघ. उल्हास नदीकडे जाणारा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. जुन्या गाडीने माझी हाडं खिळखिळी केली, पण पहिल्याच डाव्या वळणाला मागून आवाज आला, "भावोजी, खांदे!" मी खांदे सोडले, कंबर सोडली, आणि गाडी वळली. पुढच्या वळणाला पुन्हा वळली. नदीवर पोचलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते. धुळीने, असं मी वसंताला सांगितलं. त्याने विश्वास ठेवल्यासारखं केलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. माझ्या हातून झालेली गोष्ट माझ्या हाताने सुटण्यासारखी होती.

दुपारी पानावर बसल्यावर सासूबाई, वसंत, वहिनी या तिघांसमोर मी सगळं सांगितलं. त्या वेळी पडलो ते माझ्यामुळे, काल पडलो तेही माझ्यामुळे, खडीचा काही संबंध नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हात तिचा मोडला होता." इंदू वाढत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमटी वाढू?"

दुसऱ्या दिवशी निघताना तिने नव्या गादीवर हात दाबून पाहिला. म्हणाली, "अंबरनाथपर्यंत येते. नाही जमलं तर तिथून आगगाडी धरीन." आणि पदर खोचून, पाय डावीकडे सोडून बसली.

शेवटची गोष्ट सांगण्याआधी मंडळींच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नवी गाडी जुनीपेक्षा चांगली आहे. खराब रस्त्यावर ती आपली वाट सोडत नाही, मागच्या माणसाला हादरे कमी, घाटात उतरताना ब्रेक दाबला तरी पुढचं तोंड भरकटत नाही. जुनी हळू चालताना, गर्दीत किंवा चाकोरीत, हाताला हलकी लागते, हा तिचा एक गुण. पण वळणाचं विचाराल, तर दोन्ही गाड्या वळतात, बसणाऱ्याने वळू दिलं तर. जुन्या गाडीबद्दल मी तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळं मागे घेतो. आणि इंदू अंबरनाथला उतरली नाही. स्टेशन दिसल्यावर तिने माझ्या पाठीवर बोट टेकून म्हटलं, "पुढे चला." उल्हासनगरात पुन्हा दाल-पकवान खाल्लं, घाटात ती चहा मागून प्यायली, आणि नाशिकला घरापुढे उतरली तेव्हा तिची एकच तक्रार होती, की गादी जरा घसरडी आहे.

आता चिखलोलीचं. त्या नागमोडीत येतानाही एक डावं वळण लागतंच. ते जवळ आलं तसे मी खांदे सैल सोडले. माझ्या डाव्या बाजूला तिचे पाय होते, तिचा भार होता, आणि मी त्याला घाबरून पळालो नाही. गाडी डावीकडे कलली, तीही गाडीबरोबर कलली, आणि आम्ही वळण घेऊन पलीकडे आलो. शेतातली ती म्हातारी पाठमोरी पेंढ्या बांधत होती. तिने पाहिलंसुद्धा नाही. मी इतका खूश झालो की गाडी थांबवली आणि मागे वळून विचारलं, बघ, जमलं ना?

इंदू खाली उतरली. डाव्या हाताने उजवं मनगट चोळत म्हणाली, "परवा पडलात ते कालपर्यंत लपवलंत. मग आईला सांगितलंत, वसंताला सांगितलंत, वहिनीलाही सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

मी म्हटलं, तू तिथेच तर होतीस.

"मी वाढत होते," ती म्हणाली.

मी गाडी उभी केली आणि खाली उतरलो, कारण बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"इंदू," मी म्हणालो, "तू हलली नव्हतीस. मी तुझ्यावर खोटं घातलं, तेही तुझा हात झोळीत असताना, तुझ्या आईसमोर. माझं चुकलं. मला माफ कर."