तपासल्याची चिठ्ठी

दिनू लिमये गेल्याचं मला सीपरी बाजारात भाजीवाल्याकडून कळलं. पिशवी तिथेच ठेवून धावत त्याच्या घरी गेलो. एकाच रेल्वे कॉलनीत तीस वर्षं शेजारी राहिलो होतो आम्ही. त्या दिवशी मी ढसाढसा रडलो. आज, महिन्याभरानंतर, त्या रडण्याचाच राग येतोय.

मी इंजिन ड्रायव्हर, तो रेल्वेच्या दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक. ब्लडप्रेशरच्या यंत्राचा पारा तपासायचा आणि झाकणावर सहीची चिठ्ठी चिकटवायची, हे त्याचं काम. भारी टेचात करायचा. "डॉक्टरला नाडी कळते रे, पण यंत्राची नाडी मला कळते!" असं ऐकवायचा.

एका वर्षी मेडिकलमध्ये माझं प्रेशर वाढलेलं निघालं. तीन दिवस लागोपाठ, त्याच खोलीत, त्याच यंत्रावर. डॉक्टरांनी गाडीवरून उतरवलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी टेबलामागे बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लिहू लागलो. शिट्टी ऐकली की जेवण जाईना... दिनू मला लक्ष्मी तालावर, तळ्याकाठी फिरायला न्यायचा. मी मीठ सोडलं, तर रविवारी माझ्यासोबत तोही अळणी वरण जेवायचा. पुढे प्रेशर नेहमी बरोबरच येई. "गोळ्या लागू पडल्या बघ," म्हणायचा. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं मी चारचौघांत सांगत असे. मूर्ख मी!

तेराव्याला त्याच्या हाताखाली शिकलेले तिवारीजी कौतुकाने सांगत होते, "लिमयेजी हर नए आदमी को वही किस्सा सुनाते थे. पारा खुद भरा था, सो बिना जाँचे चिट्ठी लगा दी. हफ़्ते भर बाद देखा, पारा ज़ीरो की जगह दस पर बैठा है! तब तक एक ड्राइवर उतर चुका था. कहते थे, अपने हाथ के काम पर कभी भरोसा मत करना."

मी विचारलं, "कौन ड्राइवर?"

"नाम कभी नहीं बताया, भैयाजी."

आठवड्याने! तेव्हा माझ्या अपिलाची मुदत अजून संपायची होती. ते दहा वजा केले असते, तर मी गाडीवर असतो. त्याला चार्जशीट मिळाली असती, बढती हुकली असती, एवढंच. साऱ्या वर्कशॉपला सांगितलंस, दिनू, मला सोडून. ते अळणी वरण कुणासाठी जेवत होतास?

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. सिस्टरने यंत्र सपाट टेबलावर ठेवलं, पारा स्थिर होऊ दिला आणि माझ्याकडे वळवलं. "पहले आप ज़ीरो देख लीजिए. लिमयेजी का बनाया क़ायदा है, हर मरीज़ को दिखाते हैं."

मी वाकून पाहिलं. पारा बरोबर शून्यावर होता. त्या आठवड्यात एवढंच मला दाखवलं असतंस, तर शिव्या घातल्या असत्या, पण माफही केलं असतं रे... आता कुणाला करू?