भट्टीसमोरचं स्टूल

दुकानातल्या पुड्यातल्या बिस्किटाला मी बिस्किट मानत नाही. कोणाला राग आला तर येऊ दे. माझ्या लेखी बिस्किट एकच. घरचं पीठ, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं, तिथे ते मळून घ्यायचं आणि भट्टीतून निघालेली रेघारेघांची बिस्किटं त्याच डब्यातून घरी आणायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गावात बेकरीपुढे डब्यांची रांग लागे. बायका डबा नंबरात ठेवून स्वयंपाकाला घरी जात आणि नंबर यायच्या वेळी परत येत. माझी आई मात्र घरून लाकडी स्टूल आणायची आणि डबा भरून हातात येईपर्यंत तिथून हलायची नाही. बेकरीवाला तूप मारेल म्हणून बसते, असं तिने मला सांगितलं होतं. मला त्या स्टुलाची भयंकर लाज वाटायची.

ती बिस्किटं चहात बुडवायला अंदाज लागे. आईचा अंदाज कधी चुकला नाही. मावशीचा, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा, रोज चुकायचा. अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं की ती चमच्याने तो गाळ खायची आणि वर आम्हालाच म्हणायची, "खरी मजा यातच आहे, तुम्हाला काय कळणार!"

कोरोना आला त्याच्या जरा आधी आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे सिडनीला आली आणि अडकली. मी वेस्टमीडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या नाकातले नमुने तपासायचे आणि घरी येऊन आईचा चेहरा तपासायचा. दुसऱ्या वर्षी तिकडे गावाला मावशी वारली. आईला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. माझं बरोबरच होतं आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. आई भांडली नाही. तिने फक्त खाणं सोडलं. सकाळी दोन घास आणि दुपारी नुसता चहा. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, हे असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. मी इंडियन शॉपमधून सात-आठ प्रकारची बिस्किटं आणली. तिने सगळी बाजूला सारली.

"यांना काय करू? यांच्यात आपलं काय आहे?"

मग मीही पेटले. घरचा स्टीलचा मोठा डबा काढला. पीठ आणि साखर आईलाच मोजायला लावली, वर तुपाची बरणी ठेवली आणि तिला गाडीत घालून निघाले. तेव्हा आमच्या पश्चिमेकडच्या भागात नियम जास्त कडक होते. समुद्राकाठचे लोक वाळूत पसरलेले टीव्हीवर दिसायचे आणि आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. रोग एकच होता, पण वस्ती बघून कायदा. आम्ही बौद्ध माणसं, गावाच्या कडेला वाढलेली. ही रीत आम्हाला नवीन नव्हती.

दोन बेकऱ्यांनी डबा बघूनच नाही म्हटलं. बाहेरचं पीठ चालत नाही, हेल्थवाले येतील. तिसरी एका म्हाताऱ्या लेबनीज गृहस्थाची होती. दारात आडवं टेबल लावून तो त्यावरून पाव विकत होता. त्यानेही मान हलवली. मी इंग्रजीत अजिजी करत होते तोवर आईने टेबलावर डबा ठेवून झाकण उघडलं. त्याने आत पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"आमच्या गावात माझी आईसुद्धा घरून पीठ मळून भट्टीवर न्यायची," तो म्हणाला. "एक तास लागेल. तुम्ही कारमध्ये बसा, मी हाक मारतो."

आईला मी हे सांगितलं. तिने गाडीच्या डिकीतून आमचं घडीचं स्टूल काढलं आणि फुटपाथवर बेकरीच्या काचेसमोर मांडलं. आतली भट्टी तिथून स्वच्छ दिसत होती.

"आई, लोक बघतायत. इथे कोण तूप मारणार आहे तुझं?"

"तुपासाठी कोण बसत होतं?" ती काचेवरची नजर न हलवता म्हणाली. "तू लहान होतीस, म्हणून तसं सांगितलं. मी उठले की बायका आपला डबा सरकवायच्या. पार शेवटी, नालीपाशी. आपलं पीठ ज्या परातीत मळलं तिच्यात त्यांचं नको, म्हणून सगळ्यांचं झाल्यावर आपलं. एकदा तसं झालं. मग मी स्टूल न्यायला लागले. मी बसलेली असताना डब्याला हात लावायची एकीचीही छाती झाली नाही."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. ती मी पर्समध्ये टाकली आणि स्टुलाशेजारी फुटपाथवर मांडी घालून बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्या बायकांचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त, स्टुलाला लाजणाऱ्या त्या मुलीचा.

थोड्या वेळाने गस्तीवरचा पोलीस आला. तरुण होता, नीट बोलत होता. इथे बसता येणार नाही म्हणाला, आणि खरेदीला घरटी एकानेच यायचं असतं.

एरवी मी सॉरी म्हणून उठले असते. या देशात आल्यापासून मी इतक्या वेळा सॉरी म्हटलंय की धक्का मला लागला तरी मीच म्हणते.

"हिला इंग्रजी येत नाही आणि मला पिठाचं प्रमाण येत नाही," मी बसूनच म्हणाले. "एकटीने कोणी यायचं ते तूच सांग. आमचा डबा आत आहे, मित्रा. तो हातात आला की उठू."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"ऊठ म्हणतोय."

"मग?"

"नाही म्हटलं."

आईने पदर सारखा केला आणि पुन्हा भट्टीकडे बघायला लागली. पोलिसाने माझं हॉस्पिटलचं कार्ड पाहिलं, मास्क नाकावर घ्यायला सांगितलं आणि पुढे गेला.

घरी आल्यावर मी चहा टाकला. आईने डब्यातलं एक बिस्किट उचलून उजेडात धरलं.

"तशी नाही झाली. रेघा कुठायत?"

तिने ते चहात बुडवलं आणि नुसती बघत राहिली. जन्मात अंदाज न चुकलेली बाई. अर्धं बिस्किट तुटून तळाशी गेलं. तिने चमचा मागितला. गाळ काढून खाल्ला, सगळा, कप तिरका करून. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. मग डबा स्वतःकडे ओढून तिने दुसरं घेतलं, आणि तिसरं.

"पुढच्या वेळी," खाता खाता ती म्हणाली, "दोन स्टुलं घे."