सीताफळांच्या डोंगरात

लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. रविवारीसुद्धा चाचणी असायची. दिवाळीच्या आधी एका रविवारची चाचणी रद्द झाली, तेव्हा आमच्यातली लोह्याकडची म्हणाली, "चला माझ्या गावाला. डोंगरात सीताफळं पिकली असतील."

शनिवारच्या एसटीनं आम्ही तिच्या घरी पोचलो. सकाळी तिची आई, म्हणजे मावशी, आमच्यासोबत डोंगरात आली. तिसरी मैत्रीण निलंग्याची, क्लासमध्ये कायम पहिली. तिनं पिशवीत नोट्सही घेतल्या होत्या. पण वर गेल्यावर ती लहान मुलीसारखी झाडाझाडाकडं पळत सुटली. डोळे उघडलेलं एक सीताफळ तोडताना दगडावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला.

घोटा टरारून सुजला. हाड मोडलं की नुसती लचक भरली, यावर आम्ही दोघी वाद घालायला लागलो.

"भांडून काय राहिल्यात गं? पाणी द्या इकडं," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझी ओढणी भिजवून घोट्याला घट्ट गुंडाळली आणि पाठ करून खाली बसल्या. "बस पाठकुळी."

"मावशी, मी लई जड हाय."

"सरपणाची मोळी जड असती. बस."

निम्म्या वाटेवर ती हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, पाय दुखतोय. पण ती मावशींच्या खांद्यावर तोंड ठेवून म्हणाली, "मला न्हाई व्हायचं डॉक्टर."

मावशी चालतच होत्या. "मग नको होऊ. आईला सांगितलंस का?"

"न्हाई."

"सांग की मग. खाली शाळेपाशी रेंज येते."

तिनं खरंच शाळेच्या पायरीवर बसून फोन लावला. आई ओरडली, रडली. मग वडिलांनी फोन घेतला. ते म्हणाले, "आधी पाय दाखवून घे. बाकीचं घरी बोलू."

आता ती निलंग्यात पोरांना गणित शिकवते. लोह्याकडची डॉक्टर झाली. मी दोन वर्षं आणखी परीक्षा देत राहिले, मग नांदेडला बँकेत लागले.

त्या दिवशी उतरताना मलाही तेच म्हणायचं होतं. पण तिची चप्पल हातात धरून मी गुमान मागं चालत राहिले.