मामांचा बेडूक

वैद्यकशास्त्राने आजवर जी काही प्रगती केली ती आमच्या मामासासऱ्यांना न विचारता केली, आणि त्याबद्दल त्यांनी वैद्यकशास्त्राला अजून पुरतं माफ केलेलं नाही. मामा म्हैसूरच्या एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लोक सकाळी पेपर वाचतात. मामा जगभरातलं वैद्यकीय संशोधन जिथे शोधता येतं ती वेबसाइट वाचतात. फिल्टर कॉफीचा पेला, मांडीवर लॅपटॉप, आणि समोर सापडेल त्याला ताजी बातमी. शेजारी कुणी खोकलं की मामा कुंपणापाशी हजर. एकदा नारळवाल्याला त्यांनी शहाळ्यातल्या पोटॅशियमबद्दल इतकं सांगितलं, की त्याने घाबरून आमच्या गल्लीत येणंच सोडलं. मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या उपम्यावर त्यांनी पहिला अभिप्राय दिला तो असा: "चव बरी आहे की ग. पण काजूबद्दल मतं दोन आहेत."

त्या वेबसाइटचं रूप बदललं की मात्र घरात सुतक. शोधायची चौकट सरकली, बटणाचा रंग फिरला, डावीकडची यादी मिटून एका बारक्या खुणेमागे गेली, की मामा नाश्ता सोडत. "अय्यो, भाड्याचं घर आहे काय, सारखं सामान हलवायला?" असं म्हणत ते अभिप्रायाच्या खिडकीत 'आदरणीय महोदय'पासून सुरू होणारं सविस्तर इंग्रजी टंकत. उत्तर येत नसे. त्या महोदयांची तब्येत बरी नसावी, अशी मामा समजूत घालून घेत.

या रागाचं मूळ एका बेडकात होतं. तरुणपणी मामांनी बेडकाच्या हृदयावर थंडी-उष्णतेचा काय परिणाम होतो यावर एक निबंध लिहिला, आणि तो परदेशी नियतकालिकात छापून आला. दुसरा काही लिहून झाला नाही. रोज सकाळी वेबसाइट उघडली की आधी स्वतःचं नाव टाकून तो निबंध जागेवर आहे ना हे पाहायचं, मग बाकीचं जग.

यंदा पान पुन्हा बदललं आणि एका सकाळी निबंध सापडेना. मामा पांढरेफटक पडले. "काढून टाकलं की ग मला!" दुपारपर्यंत त्यांना गुन्हेगारही सापडला. त्यांची एक लाडकी विद्यार्थिनी आता त्याच कॉलेजात प्राध्यापक आहे. 'वेबसाइटवाले जुन्या नोंदी दुरुस्त करतायत, सर' असं ती मागे फोनवर सहज म्हणाली होती. झालं! हिनेच काहीतरी कळवलं.

त्याच आठवड्यात नवं पान कसं वापरायचं हे शिकवायला तिने कॉलेजात वर्ग ठेवला आणि मामांना अगत्याने पुढची खुर्ची दिली. मी त्यांना घेऊन गेले होते. ती बोलायला उभी राहते तोच मामा उठले आणि भरल्या सभागृहात कानडीत म्हणाले, "आधी हे सांग, माझं नाव पुसायला तुला कुणी सांगितलं?" तिचा चेहरा उतरला. "सर, तुमचं पान दाखवाल?" एवढंच ती म्हणाली. मामांनी लॅपटॉप पुढे केला, तिने तो जोडला, आणि भिंतभर पडद्यावर सगळ्यांना दिसलं: कडेच्या एका चौकटीत 'फक्त माणसं' अशी खूण होती. शेजाऱ्याच्या गुडघेदुखीवर शोधताना उंदरांवरचे प्रयोग नकोत म्हणून मामांनीच ती केली होती. नव्या पानावर ती आपोआप निघत नाही. तिने मुकाट्याने ती काढली. बेडूक जागेवर होता.

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. मामा उभेच. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले, जणू त्यांच्याबरोबर आलेलीच नव्हते.

पुढे कित्येक दिवस लॅपटॉप मिटलेला. शेजारी खोकत राहिले. मी कॉफी ठेवली की मामा मान वर न करता "हं" म्हणायचे. त्यांच्याकडे पाहायचं धैर्य मलाही होत नव्हतं. मग एके दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल, तिला भेटून येऊ."

तिचा तास नुकताच संपला होता, मुलं अजून वर्गातच होती. तिने "आत बसू या, सर" म्हणून आपल्या खोलीकडे हात केला. मामा हलले नाहीत. "चारचौघांत बोललो, आता खोलीत कशाला?" असं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गासमोर हात जोडले. "चूक माझी होती अम्मा. तुझ्यावर संशय घेतला. क्षमा कर." तिने घाईने त्यांचे हात धरले. "परवागिल्ला सर, काही नाही हो," म्हणाली आणि हसली.

गाडीत बसल्यावर मामा बराच वेळ पट्ट्याशी झटापट करत राहिले. मग म्हणाले, "मनापासनं हसली ना ग ती?"

"मनापासून, मामा," मी समोर बघत म्हणाले.

फाटकातून मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. मामा काचेतून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"शिकत होती तेव्हा," ते हळूच म्हणाले, "फार मोठ्यानं हसायची."