मिनेसोटात जन्मलेला माणूस

लॉर्न हाल्वर्सन कधी खोटं बोलला नाही. त्याच्याबद्दल काही सांगायचं तर आधी हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एकोणतीस वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी तो टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या सान व्हिदाल गावात बसमधून उतरला. त्याची बॅग दुसऱ्याच गावाला गेली होती आणि अंगावर फक्त हाफ पँट आणि सदरा होता. त्या दिवशी गावात 'थंडी' होती, म्हणजे बारा अंश. कॉफी प्यायला आलेली माणसं कानटोप्या घालून बसली होती. कुणीतरी विचारलं, "काय हो, थंडी वाजत नाही का तुम्हाला?"

"माझा जन्म मिनेसोटातला," लॉर्न म्हणाला.

ते खरंच होतं. तो तीन वर्षांचा असताना घरच्यांनी बिऱ्हाड ॲरिझोनाच्या वाळवंटात हलवलं होतं आणि त्यानंतर त्याने बर्फ पाहिला तो सरबताच्या पेल्यात, हेही तितकंच खरं होतं. पण ते कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पिंग्विन पडलं. मग त्याने धक्क्यावर दुकान टाकलं: मासे धरायला जिवंत कोळंबी, गळ, दोऱ्या. दर हिवाळ्यात सकाळी सात ते आठ तो हाफ पँटमध्ये दुकानाच्या दारात उभा राहायचा. जाणारा-येणारा कुडकुडत म्हणायचा, "कमाल आहे बुवा पिंग्विनची!" आठ वाजले की तो आत जायचा आणि गल्ल्यामागे विजेच्या हीटरला जवळजवळ मिठी मारून बसायचा. घरी दोन रजया होत्या आणि गरम पाण्याची पिशवी. सबंध गावात त्याच्याइतका थंडीला भिणारा माणूस नव्हता. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे कसे धरतात याच्या गोष्टी मात्र तो रंगवून सांगायचा. त्या त्याने एका मासिकात वाचल्या होत्या. ऐकणाऱ्यांनी त्या तळ्यावर त्याला बसवलं, त्यावर त्याचा इलाज नव्हता.

अशी एकोणतीस वर्षं सुखात गेली. मग त्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, बातम्यांत सांगितलं की येत्या रविवारी पारा उणे नऊवर जाणार आणि तीन दिवस तिथून हलणार नाही.

सान व्हिदालला वादळाची सवय होती. खिडक्यांना फळ्या कशा ठोकायच्या हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पातळ भिंतींची, पाण्याचे नळ उघड्यावर, पाइप जोत्याखालच्या पोकळीत. बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा ठरली. लॉर्नच्याच गल्लीत राहणारा, गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख रायमुंदो साएन्स मंगळवारी दुकानात आला.

"पिंग्विन, उद्या तू बोलायचंस."

"मी? अरे, तू प्रमुख आहेस."

"आगीचा. थंडीतलं तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

रायमुंदोची पाठ वळताच लॉर्नने ॲरिझोनाला थोरल्या बहिणीला फोन लावला. मारित त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणजे तिने दहा हिवाळे पाहिलेले.

"मारित, तिकडे थंडीत आपण काय करायचो?"

"रडायचो," मारित म्हणाली. "आणि आईने वाळत घातलेली बाबांची पँट गोठायची; दोरीवरून काढली की स्वतःच्या पायावर उभी राहायची. तुला कशाला हवंय हे सगळं?"

"लोकांना सांगायचंय."

"मग पँटचं सांग. लोकांना आवडतं."

उरलेलं ज्ञान लॉर्नने रेडिओवरून गोळा केलं आणि तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

बुधवारी हॉल खच्चून भरला. पिंग्विन हाफ पँटमध्ये आला, तसं टाळ्यांनी स्वागत झालं. त्याने चिठ्ठीतलं एकेक सांगितलं. नळाची धार बारीक चालू ठेवा. बाहेरचे नळ जुन्या मोज्यांनी गुंडाळा. लिंबाच्या झाडांवर चादरी घाला. कुत्री-मांजरं घरात घ्या. पँटचंही सांगितलं, आणि मारितचं बरोबर निघालं, लोकांना ते फार आवडलं. चिठ्ठी संपली. तो खाली बसणार, एवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आणि वीज गेली तर?"

हे चिठ्ठीत नव्हतं.

लॉर्नच्या डोळ्यापुढे त्याचं घर आलं. एकटा तो, गार पडलेला हीटर, दोन रजया, आणि बाहेर उणे नऊ. आणि तोंडातून जे निघालं ते त्याने आयुष्यात कधी वाचलं नव्हतं की ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडे अशा थंडीत कुणी एकटं राहत नाही," तो म्हणाला. "गल्लीत ज्याच्या घरात धुराड्याची, लाकडं जाळायची शेकोटी असेल, त्याच्या घरी सगळी गल्ली जमते. गाद्या, अन्न, म्हातारी माणसं, सगळं एका खोलीत. थंडी सरेपर्यंत."

"सगळी गल्ली?" रायमुंदोने विचारलं.

"तशी पद्धतच आहे तिकडे."

त्याच्या आयुष्यातली ही पहिली खोटी वाक्यं. मग लॉर्नच्या शेजारच्या घरातल्या एर्लिंदा कांतू उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा. "पेलिकन गल्लीत शेकोटी माझ्याकडे आहे. तिच्यात सध्या कागदी फुलं ठेवलीयेत. ती काढेन मी. पण पायताणं दाराबाहेर, आणि घोरणाऱ्यांनी भिंतीकडे झोपायचं!"

"मला नाही जमायचं," हॉलिस प्रुइट बसल्या जागेवरून म्हणाले. हे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त सर्वेक्षक. "माझ्याकडे जनरेटर आहे. मेंढरांसारखं कोंडून घ्यायची मला गरज नाही."

"तुम्हाला कोण बोलावतंय? मेंढरांनाही काही पसंती असते," एर्लिंदा म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस गल्लीने पद्धत पाळली. एर्लिंदांच्या धुराड्यातून पाखरांची चार घरटी निघाली आणि एक फुटका चेंडू. मेस्कीट या तिथल्या काटेरी झाडाची लाकडं आली. एका म्हाताऱ्या गवंड्याने लॉर्नला हळूच विचारलं, "पिंग्विन, शेकोटी पेटली की खिडकी बोटभर उघडी ठेवायची ना? धूर साचायला नको." लॉर्न गंभीरपणे म्हणाला, "अगदी बरोबर. तिकडेही असंच करतात." त्या तीन दिवसांत त्याला असे बरेच लोक भेटले, ज्यांना उत्तर आधीच माहीत होतं आणि फक्त मिनेसोटाची मान डोलायला हवी होती.

रविवारी दुपारी एर्लिंदांच्या दारात सगळ्यांत आधी हजर झाला तो लॉर्न, दोन्ही रजया घेऊन.

"या कुणासाठी?" एर्लिंदांनी विचारलं.

"लागतील कुणाला तरी," लॉर्न म्हणाला आणि शेकोटीच्या सगळ्यांत जवळची जागा धरून बसला. "आगीवर लक्ष ठेवायला अनुभवी माणूस लागतो."

सोमवारी पहाटे वीज गेली. उजाडलं तेव्हा बोगनवेलीवरच्या चादरी पत्र्यासारख्या कडक झाल्या होत्या. एका खोलीत चौदा माणसं, तीन कुत्री, एक पोपट. निखाऱ्यांवर बीन्सचं पातेलं, तव्यावर टॉर्टिया. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांशी फार जपून वागले, दुसऱ्या दिवशी पत्त्यांवरून भांडले. लॉर्न आगीपासून हलला नाही.

मंगळवारी सकाळी एर्लिंदा खिडकीशी उभ्या होत्या. "प्रुइटच्या जनरेटरचा आवाज आला का रे कुणाला?"

कुणालाच आला नव्हता. काल दिवसभरही नाही. खोलीतली सगळी डोकी सावकाश शेकोटीकडे वळली.

"पिंग्विन जाईल," रायमुंदो म्हणाला.

लॉर्नने रायमुंदोकडे पाहिलं. मग दाराकडे. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते एकोणतीस वर्षांत एकदाही सांगितलेलं नव्हतं. तो उठला. रायमुंदोचं जाकीट, दोघातिघांचे मोजे, एर्लिंदांच्या नवऱ्याचा कोट, त्यावर रजई, असा सगळा जामानिमा चढवला.

"एवढं?" गवंड्याने विचारलं.

"आजारी माणसाला अंगावरचं काढून द्यावं लागतं," लॉर्न म्हणाला, आणि बर्फाच्या पेट्या वाहायची ढकलगाडी घेऊन बाहेर पडला.

रस्त्यावर काच ओतल्यासारखं झालं होतं. अंतर दोनशे पावलांचं. लॉर्न पहिल्या दहा पावलांत पडला, मग झाडाखाली पडला, आणि प्रुइटांच्या फाटकाशी पडला तो ढकलगाडीसकट. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं आणि गालावर थिजलं. दोनदा त्याच्या मनात आलं, परत फिरावं, दार बंद होतं म्हणून सांगावं. पण मागे खिडकीत तेरा माणसं बघत उभी होती, आणि नाव राखायचं ओझं, त्याला पहिल्यांदाच जाणवलं, सगळ्या कोटांपेक्षा जड होतं.

दार उघडंच होतं. प्रुइट पलंगावर बुटांसकट पडले होते, ओठ निळे, बोलणं जडावलेलं. जनरेटर अंगणात, कोरा करकरीत. सुरू कसा करायचा याची पुस्तिका त्यांच्या छातीवर उघडी पडली होती.

"मी... चौथ्या पानापर्यंत..." ते पुटपुटले.

"पाचवं नंतर वाचू," लॉर्न म्हणाला. त्याने खरोखरच अंगावरचं एकेक काढून त्यांना गुंडाळलं, गाडीवर घातलं आणि ढकलत निघाला. परतताना तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा रजईच्या गुंडाळीतून आवाज आला, "मिनेसोटाचा ना तू? पडतोस कसा?"

"आमच्याकडे असंच पडतात," लॉर्न म्हणाला आणि उठला.

प्रुइट वाचले. डॉक्टर बुधवारी पोचू शकले. आणखी एक सकाळ प्रुइट एकटे राहिले असते तर कठीण होतं, असं ते म्हणाले. शेकोटीपाशी प्रुइटांना लॉर्नचीच जागा दिली होती, त्यामुळे लॉर्नने उरलेले दोन दिवस भिंतीकडे, घोरणाऱ्यांत काढला.

गुरुवारी वीज आली. अर्ध्या गावाचे पाइप फुटले, लॉर्नचेही. पण माणूस एकही गेला नाही, आणि शेजारच्या गावांबद्दल तसं म्हणता आलं नाही. वर्तमानपत्रात बातमी आली, 'उत्तरेच्या जुन्या पद्धतीने गाव वाचलं'. लॉर्नने कात्रण मारितला फोनवर वाचून दाखवलं.

"तिकडे कुणी असं करत नसे, लॉर्न," ती म्हणाली. "आपली घर गरम ठेवायची भट्टी बंद पडली त्या हिवाळ्यात चार दिवस आपण सगळे कपडे चढवून बसलो होतो. समोरच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. पण बाबांना त्यांचं दार ठोठावायची लाज वाटली. आईने पाचव्या दिवशी बॅगा भरायला घेतल्या. म्हणून आपण ॲरिझोनाला आलो. तुला आठवायचं नाही."

लॉर्नने फोन ठेवला आणि तडक रायमुंदोकडे गेला. रायमुंदो जोत्याखाली उताणा पडून पाइप जोडत होता.

"मी तिथे तीनच वर्षं होतो," लॉर्न त्याच्या पायांना म्हणाला. "ती पद्धत मी बनवली. घाबरलो होतो म्हणून."

"तो पाना दे," रायमुंदो म्हणाला. "थोर माणसं अशीच असतात. श्रेय घ्यायला नकोच म्हणतात."

"अरे, खरं सांगतोय मी!"

"तेच म्हणतोय. पाना."

त्याने एर्लिंदांनाही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि त्याला गावाच्या नव्या थंडी समितीचं अध्यक्ष करायचा ठराव मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांत आधी हात वर केला प्रुइटांनी.

समितीची पहिली बैठक मे महिन्यात, अडतीस अंशांत झाली. तिघं आले. त्यातले दोघं हॉलमधल्या एसीसाठी आल्याचं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. लॉर्न तासभर बोलला, थंडीत शेजाऱ्याचं दार कसं ठोठावायचं यावर.