विमानाला ट्रॉलीचं चाक

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल आणि तेही माझ्याच नावावर खपवाल. तर, मी एकदा विमान दुरुस्त केलं. हो, मीच. काळाचौकीच्या चाळीत जन्म गेलेला, मिक्सरसुद्धा बायकोला विचारून उघडणारा मी.

विमान माझ्या मेव्हण्याचं. सुधीर, माझ्या धाकट्या बहिणीचा, नंदाचा नवरा. बँकेतून रिटायर झाला. रिटायर झालेली माणसं काय करतात? नाक्यावर बसून सरकार पाडतात. ह्या महाशयांनी शिवडीला मित्राच्या गोडाऊनमध्ये विमान बांधायला घेतलं. नळ्या जोडून, वर कापड ताणून, एका माणसापुरतं. मला तर ते आडव्या पडलेल्या आकाशकंदिलासारखं दिसायचं. ह्याच्यापेक्षा आमच्या मंडळाचं मखर आधी उडेल, असं मी त्याला तोंडावर सांगायचो. तो बिचारा हसून पुन्हा पान्ह्याकडे वळायचा.

शेवटी नंदा वैतागली. तिने निकाल दिला. रविवारी गोडाऊनच्या आवारात विमान जमिनीवर धावून दाखवायचं. सरळ धावलं तर ठेवायचं, नाहीतर विकायचं. सुधीरचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांचं वेड त्या एका धावण्यावर आलं होतं, आणि विमानाने वेग घेतला की मागचं चाक थडथडायचं.

त्या विमानाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक टीचभर चाक. ते दोन स्प्रिंगांनी शेपटीच्या सुकाणूला बांधलेलं. सुधीर म्हणाला, बोल्ट आवळायला हवा, चाकाचा कोन बघायला हवा, शनिवारी रात्री लग्नाहून आलो की करतो. मला हसू आलं. अहो, चाक हा माझा विषय. मंडळाची ट्रॉली वर्षानुवर्षं माझ्या ताब्यात. परळच्या कारखान्यातून मूर्ती आणतो, गिरगाव चौपाटीपर्यंत नेतो, बाप्पाच्या हातातला मोदक हलत नाही. आणि हा बँकवाला मला कोन शिकवणार?

लग्नाला जाताना तो चावी माझ्याकडे देऊन गेला. वर म्हणाला, "दादा, फक्त धूळ झटका. बाकी कशाला हात लावू नका." हे कोणाला? ट्रॉलीप्रमुखाला.

मी त्याच दुपारी दोन्ही स्प्रिंगा काढून खिशात टाकल्या. लोंबकळणाऱ्या वस्तू थडथडणारच, अक्कल नको? टीचभर चाकही काढलं आणि तिथे मंडळाच्या ट्रॉलीचं जादा चाक बसवलं. जाडजूड, रबरी, चहूकडे गरगर फिरणारं. शेपटी एका बोटाने ढकलून पाहिली. काय मऊ वळली, वा. विमानं बनवणाऱ्या समस्त मंडळींची मला कीव आली.

सुधीर शनिवारी आलाच नाही. मुलीकडच्यांनी ठेवून घेतलं आणि तो रविवारी थेट गोडाऊनवर उगवला. मी विमान बाहेर काढून, शेपटी भिंतीकडे करून तयार. बोल्ट आवळलाय, बस, म्हटलं. नंदा मांडीवर वडे-सागोतीचा डबा घेऊन खुर्चीत बसली होती. तिच्यासमोर वाकून तपासायची त्याची हिंमत झाली नाही. तो चढला.

निघालं की हो सरळ. थडथड नाही, काही नाही. मी नंदाकडे कॉलर ताठ करून बघितलं. तेवढ्यात खाडीकडून वारा आला आणि शेपटी डावीकडे सरकली. सुधीरने सुकाणू मारलं, पण सुकाणूचं आणि चाकाचं नातं मी आदल्याच दिवशी तोडलं होतं. शेपटी गरकन फिरली. विमान आमच्याकडे तोंड करून आलं, मग पाठ, मग पुन्हा तोंड. मी सवयीने मागे धावत सुटलो, डावीकडून दाबा रे, दोरी धरा रे, असं ओरडत.

आणि तिथे माझी ट्यूब पेटली. दोरी धरणार कोण? ट्रॉली सरळ जाते ती चाकामुळे नाही, चारी बाजूंनी लोंबकळणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे. त्या दोन स्प्रिंगा म्हणजे विमानाचे कार्यकर्ते होते, आणि मी त्यांना खिशात घालून पळत होतो.

शेपटीने माझी नवी स्कूटर आडवी केली, तेव्हा सुधीरचं इंजिन बंद झालं. विमानाला ओरखडा नाही. तो उतरला, वाकला. चाकावर लाल ऑइलपेंटने आमच्या मंडळाचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. त्याने माझ्यापुढे हात केला. मी मुकाट्याने स्प्रिंगा काढून दिल्या. जमीन दुभंगली असती तर मी वडे न खाता आत गेलो असतो.

तो नंदाकडे वळून म्हणाला, "ठरलं होतं तसं. सरळ नाही धावलं, विकतो." त्याचे डोळे भरले होते.

नंदाने चाक बघितलं, स्प्रिंगा बघितल्या, मग मला बघितलं. डब्याचं झाकण उघडत शांतपणे म्हणाली, "विमान राहू दे. दादाला विका."

सुधीरने मला नखशिखांत न्याहाळलं. बँकेत बुडीत खातं बघतात ना, अगदी तसं.

"कोण घेणार?" तो म्हणाला.