सरांचं इंग्रजी

व्हाइटबोर्डच्या मार्करचा तो उग्र वास आला की मला आखातातल्या वादी कबीरच्या आमच्या इमारतीतले एक सर आठवतात आणि आजही तोंड कडवट होतं. पुण्याहून आलेले हे गृहस्थ संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये घरकामाच्या बायकांना इंग्रजी शिकवत, आणि सोबत एखादं बाईमाणूस असावं म्हणून शेजारच्या मला कोपऱ्यात बसवत. इंग्रजी कसलं डोंबलाचं! येस मॅडम, सॉरी मॅडम, कमिंग मॅडम. सर मार्कर हलवत आणि बायका सुरात म्हणत. त्यांत वरच्या मजल्यावर कामाला असलेली एक इंडोनेशियाची मुलगी होती. ब्लीचने फुटलेल्या बोटांनी ती सगळं उतरवून घ्यायची. एका गुरुवारी तिने हात वर केला. "आय सिक, सर. फ्रायडे हॉलिडे. हाऊ आय टेल मॅडम?" सर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "हे शिकवलं तर उद्या आपली भांडी कोण घासणार?" आणि स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले. मग तिला म्हणाले, "दॅट यू डोन्ट नीड. रिपीट, सॉरी मॅडम." तिला मराठी कळत नव्हतं, पण हसणं बरोबर कळलं. तिने वही मिटली, चपला घातल्या आणि दारातून शांतपणे म्हणाली, "खलास, सर." संपलं, हे सांगणारा तो अरबी शब्द तिला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. हल्ली सर इमारतीच्या जुन्या ग्रुपवर रोज सुविचार टाकतात. आज महिला दिनाचा आला, गुलाबाच्या फुलासकट. मी दोनच शब्द टाइप केले, "खलास, सर," आणि ग्रुप सोडला.